चेनला काय लावावं: स्प्रे की ९० नंबरचं ऑइल?

मोटरसायकलच्या उघड्या चेनला साधारण दर ५०० किलोमीटरला वंगण लागतंच, पावसात त्याहून लवकर. गॅरेजवाले बहुतेक ९० नंबरचं गिअर ऑइल लावतात. ते स्वस्त असतं, कुठल्याही स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतं आणि कड्यांच्या फटींत छान उतरतं. पण जास्त झालं की रिमवर आणि मागे बसणाऱ्याच्या कपड्यांवर शिंतोडे. टायरवर उडालं तर गाडी घसरण्याचीच भीती. म्हणून लावल्यावर फडक्याने पुसून घ्यायलाच हवं.

चेनच्या वंगणाचा स्प्रे महाग, पण त्यातला द्रावक उडून गेला की थर चेनला धरून राहतो. रात्री मारा, सकाळी गाडी काढा; लगेच निघालात तर त्याचेही शिंतोडे उडतात. कोकणातल्या पावसात मी स्प्रेच घेईन. धुळीच्या रस्त्यावर मात्र ऑइल, कारण चिकट स्प्रेवर माती बसून काळा लगदा होतो.

ओ-रिंगची (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) चेन पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं. आणि काहीही लावा, चाक हातानेच फिरवा. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चेन पुसताना बोटं जातात.