क्लेमोर घेऊन आठ महिने झाले, आता खरं काय ते लिहितो

क्लेमोर म्हणजे स्कॉटलंडची लांब दोन हाती तलवार, माझी अर्थात नवी बनवलेली नक्कल. फेब्रुवारीत घेतली होती, आता खंडेनवमी पण होऊन गेली, त्यामुळे लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं 'भारी आहे, भारी आहे' एवढंच लिहिलं असतं.

मी ग्लासगोला राहतो. स्टर्लिंगला वॉलेस मॉन्युमेंटच्या २४६ पायऱ्या चढून काचेमागची ती तलवार बघितली आणि तिथेच डोक्यात किडा शिरला. १६३ सेंटीमीटर, म्हणजे आमच्या आईपेक्षा उंच. इंग्रजांशी लढलेला स्कॉटिश वीर विल्यम वॉलेस, त्याची म्हणून प्रसिद्ध आहे, पण वॉलेस गेला १३०५ ला, आणि स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्स राजाने १५०५ मध्ये तिला नवी मूठ वगैरे करून घेतली, त्यामुळे ती खरंच त्याची असेल यावर जाणकारांचा फारसा विश्वास नाही. हे सांगायचं कारण म्हणजे मी घेतली त्या दुकानाच्या पानावर 'वॉलेसच्या काळातली क्लेमोर' असं ठोकून दिलेलं. क्लेमोर म्हणजे गेलिकमध्ये मोठी तलवार, ती दोन हाती हायलँड तलवार मुख्यतः पंधराव्या शतकाच्या शेवटापासून सतराव्यापर्यंतची. वॉलेसने ती बघितलीच नसणार.

असो. किंमत २८० पौंड. कुरियरवाल्याने दारात ओळखपत्र बघितल्याशिवाय खोका दिला नाही, आणि खोका इतका लांब की लिफ्टमध्ये तिरका धरून आणावा लागला.

पहिल्याच दिवशी इंडियाला जाताना बॅगा तोलायचा हुकवाला काटा असतो ना, त्याला अडकवली. साइटवर २.४ किलो, काट्यावर २.९! आता अर्ध्या किलोने काय फरक पडतो असं मलाही वाटलं होतं, पण हा अर्धा किलो जर टोकाच्या बाजूला असेल तर दहाव्यांदा फिरवताना मनगट बोलायला लागतं. जुन्या खऱ्या क्लेमोर साधारण सव्वादोन-अडीच किलोच्या असतात, सिनेमात दाखवतात तसल्या पहारी नाहीत, आणि त्यांचं पातं मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेलं असतं म्हणून ती हलकी वाटते. माझ्या पात्याला व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावून बघितलं, मुठीपाशी ५ मिलिमीटर, टोकाजवळ साडेचार. म्हणजे सरळ पट्टी कापून टोक काढलंय. बोटावर तोलली तर तोल मुठीपासून जवळजवळ वीतभर पुढे जातो. कुणी घेणार असाल तर फोटो नंतर बघा, आधी विक्रेत्याला वजन आणि दोन्ही ठिकाणची जाडी विचारा, सांगत नसेल तर समजून जा.

चांगलं काय ते पण सांगतो. पोलाद हाय कार्बन आहे, स्टेनलेस नाही. स्टेनलेसच्या शोभेच्या तलवारी भिंतीलाच बऱ्या, बऱ्याचदा आत मुठीत नुसती बारीक सळई असते, जोरात फिरवली तर पातं मोडून कुणाच्या तरी अंगावर जाईल. हिचं पातं मुठीतून आरपार मागच्या गोळ्यापर्यंत गेलंय. वाकवून सोडलं की सरळ होतं. धार लावलेली नव्हती, मी लावली पण नाही, इथल्या तलवारबाजीच्या क्लबात एकदा गुंडाळून घेऊन गेलो तर शिकवणाऱ्याने हात जोडले, म्हणाला एकट्याने हवेत फिरव, समोर माणूस नको.

परज, म्हणजे मुठीपुढची हात वाचवणारी आडवी दांडी, पुढे झुकलेली आणि तिच्या दोन्ही टोकांना चार पाकळ्यांचं फूल, ही क्लेमोरची खूण. माझ्या एका फुलाच्या वेल्डिंगचा काटा तसाच राहिलेला, दोन स्वेटरचे धागे ओढले तेव्हा कळलं. कानशीने घासून टाकला. तिसऱ्या महिन्यात मूठ खुळखुळायला लागली, मागचा नट सैल झालेला, तो काढून थ्रेडलॉकचे (नट सैल होऊ न देणारा गोंद) दोन थेंब टाकून परत आवळला, त्यानंतर आजपर्यंत आवाज नाही. विक्रेत्याला मेल केली होती, उत्तर आलं की ती 'डेकोरेटिव्ह' आहे. घेताना मात्र पानावर 'बॅटल रेडी'!

गंमत म्हणजे नट काढला तेव्हा आत छोटा शिक्का दिसला, मेड इन इंडिया. खोक्यावरचं स्टिकर नीट वाचलं तर डेहराडून. बायको दिवसभर हसत होती, एवढ्या लांब येऊन डेहराडूनची तलवार घेतलीस म्हणून. पण तसं बघितलं तर जुन्या क्लेमोरची पाती पण बऱ्याचदा जर्मनीतून यायची, मूठ इकडे बसवायचे, आणि आपल्याकडची फिरंग म्हणजे तरी काय, युरोपातलं पातं आणि आपली मूठ. तलवारींना कधी कुठल्या गावचा दाखला लागला नाही.

सगळ्यात मोठा धडा खंडेनवमीचा. आडवी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली आणि रात्रभर तशीच राहिली. सकाळी ओल्या बोटांच्या जागी बरोब्बर दोन तांबूस ठिपके. इथल्या दमट हवेत गंज एरवी पण धरतोच, पण हा एका रात्रीत धरला. बारीक पॉलिश पेपरने आणि तेलाने एक गेला, दुसऱ्याची सावली अजून आहे. आता महिन्यातून एकदा मिनरल ऑइल, हात लावला की लगेच पुसायची, आणि पुढच्या वर्षी कुंकू फक्त मुठीला.

भिंतीवर लावताना इथल्या प्लास्टरबोर्डमध्ये नुसता खिळा मारू नका, मागची लाकडी पट्टी शोधून स्क्रू मारा. आमची एकदा रात्री दोनला खाली आली. खालचे शेजारी दुसऱ्या दिवशी फारच आदराने बोलले.

पाठीवर बांधायचा चामडी पट्टा ४५ पौंडांना वेगळा घेतला, तो सरळ वाया. एवढं लांब पातं पाठीवरच्या म्यानातून उपसायला हातच पुरत नाही, आरशासमोर पंधरा मिनिटं प्रयत्न करून बघितलं, दिव्याची काच फुटली. सध्या त्यात बायकोची योगा मॅट असते.