हळदीच्या कारखान्यात डोकूविकी: अकरा महिन्यांनंतर

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत हळद पावडरीच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळतो. माणसं चाळीसेक, त्यातली कॉम्प्युटरला हात लावणारी नऊ. कारखान्याची सगळी माहिती तीन ठिकाणी असायची: व्हॉट्सॲप ग्रुपवर, माझ्या टेबलाच्या खणात आणि अण्णांच्या डोक्यात. अण्णा म्हणजे आमचे दिवाणजी. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि कुठल्या गिऱ्हाइकाला कसलं बारदान लागतं एवढं विचारायलाही दवाखान्यात फोन जायला लागले. शेवटी त्यांच्या सूनबाईंनी फोन बंद करून ठेवला. त्याच आठवड्यात ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून मी डोकूविकी बसवली, म्हणजे सगळ्यांना ब्राउझरमध्ये वाचता आणि बदलता येतील अशी पानं ठेवणारं सॉफ्टवेअर.

विकिपीडिया चालतो ते मीडियाविकीही बघितलं होतं, पण त्याला डेटाबेस लागतो आणि तो सांभाळणारं आमच्यात कोण नाही. डोकूविकी २००४ पासून आहे, फुकट आहे आणि प्रत्येक पान साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गणपती पेठेतल्या आमच्या जुन्या ऑफिसातल्या चोपड्यांचा लगदा झाला होता. आता पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की डेटाचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करतो आणि खिशात घालून घरी जातो. पानांच्या बॅकअपला एवढंच लागतं.

मराठीत वापरायची तर दोन ठिकाणी अडायला होतं.

पहिलं पानाच्या नावाचं. ‘पॉलिश ड्रममध्ये हळकुंड भरताना घ्यायची काळजी’ असं ऐसपैस नाव दिलं, तर पान सेव्हच होईना. दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर कळलं, की मूळ सेटिंगमध्ये फाइलीच्या नावात देवनागरीचं एकेक चिन्ह, अगदी मात्रासुद्धा, नऊ बाइट खातं आणि लिनक्सवर फाइलीच्या नावाला मर्यादा २५५ बाइटची. म्हणजे पंचवीसेक चिन्हांत खेळ खलास. फाइलनावाचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ करता येतं, पण ते पहिल्या दिवशी करायचं. पानं साठल्यावर बदललंत तर जुनी पानं विकीला सापडत नाहीत. आम्ही पानाचं नाव नुसतं ‘पॉलिश’ ठेवलं आणि लांबलचक शीर्षक आत टाकलं.

दुसरं शोधण्याचं. ही विकी जसा शब्द टाकाल तसाच हुडकते. ‘हळद’ टाकलं तर ‘हळदीचा’ येत नाही. शब्दाच्या शेवटी तारा (*) लावला की येतो. पण ‘कीड*’ टाकून ‘किडीसाठी’ कसं येणार, पहिली वेलांटीच बदलली की! आपल्या विभक्त्यांपुढे ताऱ्याचं काय चालणार. म्हणून प्रत्येक पानाच्या तळाला ‘शोधशब्द’ अशी ओळ टाकून साधी रूपं लिहितो. कटकट आहे, पण त्याशिवाय लोक ‘सापडत नाही’ म्हणून परत मलाच फोन करतात.

आता चाळणीचं रामायण. ‘चाळणी’ पानावर मुळात ६० मेश (जाळीला इंचात साठ भोकं) लिहिलेलं होतं. एके दिवशी नाइट शिफ्टनं पानावर बघून ४० ची जाळी बसवली आणि अकरा पोती पावडर जाडी निघून परत आली. मी जुन्या आवृत्त्या उघडल्या. विकी दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी दाखवते, कुणी आणि कधी बदललं त्यासकट. नाव निघालं पॅकिंगच्या सुपरवायझरचं. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, त्या दिवशी साठची जाळी फाटली हुती. चाळीसची बसवली, ती लिवली. तुम्हीच म्हणालाव न्हवं, बदललं की लिवा?” त्याचं काय चुकलं? नवी जाळी आल्यावर पान दुरुस्त करायचं कुणालाच सुचलं नाही, त्यात मीही आलो. आता बदल करताना सारांशाच्या रकान्यात कारण लिहायचंच, असं ठरवलंय. शिवाय आकड्यांच्या पानांना तिघांनाच हात लावता येतो. हे दुसरं मला अजून पटलेलं नाही. कुलूप घातल्यापासून शेडमधली माणसं बाकीच्या पानांवरही लिहायला कचरतात.

बारीक तक्रार एकच: कुणी पान संपादनाला उघडून चहाला गेला की ते पंधरा मिनिटं दुसऱ्याला बंद.

हौसेनं लिहिलेलं ‘कंपनीची ओळख’, मीटिंगचे वृत्तांत वगैरे कुणी उघडत नाही. चालतात ती फोन वाचवणारी पानं: बारदानाचं, ई-वे बिलाचं, वजनकाट्याच्या पासिंगच्या (सरकारी तपासणीच्या) तारखांचं. नवीन पान करायचं का, हे मी आता आठवड्यात तोच प्रश्न तीनदा आला की ठरवतो.

अण्णा परत आले, पण कीबोर्डला शिवले नाहीत. मी त्यांना ‘ओलावा’ पानाची प्रिंट दिली. ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा, असं मी त्यात लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी कागद परत आला, समासात लाल पेनानं: “मीटर बंद असल्यास हळकुंड मोडून पाहणे. कडक् वाजले पाहिजे. वाकले तर लॉट घेऊ नये.” मी त्याचा फोटो काढून पानावर चढवला. मग लक्षात आलं, फोटोतलं अक्षर विकीला शोधता येत नाही. म्हणून खाली तेच टाइप केलं आणि सारांशात लिहिलं: अण्णांच्या सांगण्यावरून.