शेततळ्याच्या पाण्यात हवा खेळवताना: वारा, वीज की ऊन?

मुंबईत राहून शहापूर, मुरबाड, कर्जत किंवा वाडा तालुक्यात जमीन कसणाऱ्या कुटुंबांपुढे शेततळे झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक प्रश्न उभा राहतो. पाणी हिरवे पडू लागते, तळ ढवळला की कुजका वास येतो आणि रोहू-कटला सोडलेले असतील तर एखाद्या पहाटे ते पाण्याबाहेर तोंडे काढून हवेसाठी धडपडताना दिसतात. पाण्यात हवा खेळवली पाहिजे याविषयी घरात दुमत नसते. ती कशाने खेळवायची यावर मात्र बराच काथ्याकूट होतो. पवनचक्कीवर चालणारा एरेटर, म्हणजे पाण्यात हवा सोडणारे यंत्र, या वेळी सर्वांत भुरळ घालतो, कारण त्याला वीजबिल नाही, डिझेल नाही, आणि सोमवार ते शुक्रवार आपण मुलुंडला किंवा कांदिवलीला असताना तो कोणाच्याही मदतीवाचून चालत राहील असे वाटते.

माझे मत आधीच सांगतो. तळे मुख्यतः सिंचनासाठी असेल किंवा त्यात मासे विरळ असतील, आणि जागा खरोखर वाऱ्याची असेल, तर पवनचक्की हे चांगले साधन आहे. मासे दाट सोडायचे असतील, तर कोकणपट्टीत आणि ठाणे-पालघरच्या अंतर्भागात केवळ तिच्यावर विसंबून राहू नये. याचे कारण यंत्राच्या दर्जात शोधण्यापेक्षा वेळापत्रकात शोधावे लागते: पाण्याला हवा लागते ती वेळ आणि आपल्याकडे वारा वाहतो ती वेळ यांचा मेळ बसत नाही.

पाण्याची वेळ, वाऱ्याची वेळ

तळ्यातील सूक्ष्म शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू तयार करते आणि रात्री मासे, जिवाणू व गाळ यांच्याबरोबर तेही तो वापरते. त्यामुळे दुपारी तीन-चारच्या सुमारास पाण्यातील प्राणवायू सर्वाधिक असतो आणि सूर्योदयाच्या आधी सर्वांत कमी. पाणी जितके गरम तितका प्राणवायू त्यात कमी मावतो: २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. रोहू-कटलासारखे कार्प जातीचे मासे ५ मिलिग्रॅमच्या वर निर्धास्त असतात, ३ च्या खाली त्यांच्यावर ताण येतो आणि पातळी १ च्या आसपास काही तास राहिली तर मरतूक सुरू होते. सलग दोन-तीन दिवस आभाळ भरलेले राहिले, तर दिवसाची कमाई घटते, रात्रीचा खर्च मात्र तेवढाच राहतो, आणि चौथी पहाट धोक्याची ठरते.

आता वाऱ्याकडे पाहू. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारा जोरात असतो, पण तेव्हा पावसाने आणि वाऱ्याने पाणी आपोआपच ढवळले जाते. पवनचक्की सर्वाधिक फिरते ती नेमकी तिची गरज कमी असताना. हिवाळा-उन्हाळ्यात मुंबईला परिचित असलेले खारे वारे दुपारी सुटतात आणि संध्याकाळनंतर पडतात. किनाऱ्यापासून आत सह्याद्रीच्या पायथ्याकडे जावे तसा त्यांचा जोर ओसरत जातो. रात्री जमिनीवरून येणारा वारा बहुधा मंद असतो. राहता राहिला आश्विन. पाऊस परतलेला असतो, ऑक्टोबरचा उकाडा सुरू झालेला असतो, पाणी कोमट असते, तळ्यात पावसाबरोबर वाहून आलेला पालापाचोळा कुजत असतो आणि झाडाचे पानही हलत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. शहापूर तालुक्यातील आमच्या तळ्यावर विक्रेत्याने 'एवढी चक्की पुरेशी आहे' असे सांगून मनोरा उभारून दिला होता. आश्विनातील तीन ढगाळ दिवसांनंतर रविवारी पहाटे आम्ही बांधावर गेलो, तेव्हा चक्की निश्चल होती आणि पाण्याच्या कडेला मासे उलटे पडलेले होते. उरलेले वाचले ते सिंचनाचा पंप चालू करून त्याच तळ्याचे पाणी उंचावरून परत तळ्यातच फवारल्यामुळे. हा जुना उपाय आजही आपत्काळात सर्वांत हाताशी असतो आणि कोणतेही यंत्र घेतले तरी तो तयार ठेवावा.

आकडे मांडले तर

राज्याच्या २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतील सर्वांत मोठा आकार ३० × ३० × ३ मीटर होता. बाजूंना एकास एक उतार धरला तर अशा तळ्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. या पाण्यातील प्राणवायूची पातळी लिटरमागे १ मिलिग्रॅमने वाढवायची, तर सुमारे २.२ किलो प्राणवायू त्यात विरघळावा लागतो. त्याच काळात मासे आणि गाळ जो वापरतील तो वेगळा.

पवनचक्कीच्या एरेटरमध्ये फिरणाऱ्या पात्यांचा दांडा कॉम्प्रेसरमधील रबरी पडदा वर-खाली हलवतो आणि दाबलेली हवा नळीतून तळाशी ठेवलेल्या डिफ्यूझरपर्यंत, म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे करणाऱ्या तबकडीपर्यंत किंवा नळीपर्यंत, जाते. चांगल्या वाऱ्यात असा लहान कॉम्प्रेसर मिनिटाला ६० लिटर हवा देतो असे धरू. तासाला ही ३.६ घनमीटर हवा झाली आणि तिच्यात सुमारे एक किलो प्राणवायू आहे. परंतु बुडबुडा तळापासून वर येईपर्यंत त्यातला थोडाच भाग पाण्यात उतरतो; अडीच मीटर खोलीवर बारीक बुडबुडे असले तरी एक दशांशाचा अंदाज धरणे शहाणपणाचे. म्हणजे तासाला १०० ग्रॅम, आणि दहा तास अखंड वारा मिळाला तर एक किलो. आपल्या तळ्याच्या हिशेबात ही लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी भर आहे.

याउलट एक अश्वशक्तीचे पॅडल व्हील, म्हणजे पाण्यावर तरंगून फिरत्या पात्यांनी पाणी उडवणारे विजेचे यंत्र, घ्या. प्रमाणित चाचणीत अशी यंत्रे एका युनिट विजेमागे साधारण दोन किलो प्राणवायू पाण्यात उतरवतात आणि प्रत्यक्ष तळ्यात त्याच्या निम्मा धरला तरी तासाला पाऊण किलोच्या आसपास मिळतो. पहाटेच्या तीन-चार तासांत ते मासे वाचवू शकते. रोज आठ तास चालवल्यास सुमारे ६ युनिट, महिन्याला १८० युनिट, एवढा त्याचा खर्च. आपल्या जोडणीच्या दराने गुणून पाहावे.

मग पवनचक्कीत काय उरते? बरेच उरते, आणि विक्रेत्यांनी हेच नीट सांगायला हवे. तिचे खरे काम प्राणवायू ओतण्याचे नसून पाणी फिरवण्याचे आहे. दुपारी वरचे पाणी प्राणवायूने भरलेले असते आणि तळचे थंड, जड, निपचित. बुडबुड्यांचा स्तंभ तळचे पाणी वर ओढतो आणि वरचे खाली जाते. शेवाळाने फुकट तयार केलेला प्राणवायू गाळापर्यंत पोहोचतो आणि गाळाची भूक दिवसाच भागते, त्यामुळे रात्रीचा उपसा कमी होतो. तळाशी प्राणवायू टिकला की गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येण्याचे प्रमाणही घटते आणि हिरवेपणाला मिळणारा खुराक तेवढा आटतो. म्हणून दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर चालणारी चक्की अगदीच अवेळी चालते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ती पाण्याची रोजची प्रकृती राखते. अवघड पहाट मात्र तिच्या हाती नसते. तळे दीड मीटरहून उथळ असेल तर बुडबुड्याचा प्रवास इतका छोटा होतो की हाही लाभ फारसा राहत नाही.

जागा आणि मनोरा

वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला तर शक्ती एक अष्टमांश उरते. आंब्याच्या कलमांच्या आडोशाला किंवा घराच्या मागे उभी केलेली चक्की त्यामुळे शोभेपुरतीच राहते. सभोवतीच्या शंभरएक मीटरमधील झाडा-घरांपेक्षा पाती बरीच उंच असावीत. सुदैवाने हवेची नळी लांब नेता येते, त्यामुळे मनोरा बांधावरच हवा असे नाही. जवळच्या टेकाडावर उभारून नळी खाली आणणे अधिक चांगले. खरेदीआधी त्या जागी उंच काठीला हलकी पताका बांधावी. ताशी १२ ते १९ किलोमीटर वाऱ्यात ती पूर्ण फडफडते. पाने नुसती सळसळत असतील तर वेग ६ ते ११ च्या दरम्यान असतो आणि एवढ्या वाऱ्यात यंत्र जेमतेम फिरते.

वादळाचा विचार कोकणात टाळता येणार नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने अलिबागजवळ किनारा ओलांडला आणि पुढल्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्यालगत वर सरकले. मनोरा बिजागरीवर आडवा करता येतो का आणि जोराच्या वाऱ्यात पाती आपोआप वाऱ्यापासून वळतात का, हे दोन प्रश्न किमतीच्या आधी विचारावेत. समुद्राजवळच्या जमिनीवर गॅल्व्हनाइज्ड लोखंडाखेरीज दुसरे काही घेऊ नये. कॉम्प्रेसरचा रबरी पडदा आणि बेअरिंग झिजणारच. ते सुटे भाग ठाण्यात किंवा पुण्यात मिळतात की परराज्यातून मागवावे लागतात, याची चौकशी आधी करावी.

प्लास्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात डिफ्यूझरखाली गुळगुळीत, जड तळपाट ठेवावा. धारदार कडेचा दगड बांधून तो सोडला तर ५०० मायक्रॉनचा कागद फाटतो आणि पाणी कुठून जाते हे शोधण्यात अख्खा उन्हाळा निघून जातो.

वीज आणि ऊन

विजेच्या यंत्राची ताकद वादातीत आहे. अडचण आहे ती वीज केव्हा मिळते याची. शेतीपंपांची थ्री-फेज वीज अनेक ठिकाणी काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री अशी पाळीने मिळते, त्यामुळे पहाटे तीन वाजता ती असेलच असे नाही. एक अश्वशक्तीपर्यंतचे यंत्र सिंगल-फेजवर चालणारे घ्यावे आणि शक्य असेल तर फार्महाऊसच्या घरगुती जोडणीवर ठेवावे. टायमर लावला की मालक मुंबईत असला तरी पहाटे दोन ते सहा यंत्र चालते. वीज जाऊन आल्यावरही वेळ लक्षात ठेवणारा टायमर निवडावा. पाण्यावर तरंगणाऱ्या मोटरीला गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच आणि चांगले अर्थिंग लावण्यात कसूर करू नये, कारण त्याच तळ्यावर मुले खेळतात आणि गडी उतरतात.

सौर कॉम्प्रेसर बॅटरीशिवाय घेतला तर त्याची वेळही दिवसाचीच, म्हणजे पवनचक्कीसारखीच. पण ऑक्टोबर ते मे या काळात ऊन वाऱ्यापेक्षा कितीतरी भरवशाचे असते आणि आडोशाची जागा असेल तर मला सौर यंत्रच अधिक योग्य वाटते. आभाळ भरले की ते मंदावते, आणि धोकाही तेव्हाच वाढतो, हे विसरू नये. बॅटरी जोडली तर पहाट साधता येते, परंतु बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि आठवडाभर कोणी नसलेल्या जागेवर पॅनेल, बॅटरी व तांब्याची तार सुरक्षित राहील का, याचे उत्तर गावातील आपल्या माणसाला विचारूनच द्यावे. चोरीच्या बाबतीत उंच मनोऱ्यावरची चक्की सर्वांत निश्चिंत.

सुरू करताना

एक धोका तिन्ही साधनांना लागू आहे आणि पवनचक्कीला विशेष. वर्षानुवर्षे निपचित पडलेल्या तळ्यात तळाशी एकदम हवा सोडली, तर प्राणवायू नसलेले, हायड्रोजन सल्फाइडयुक्त पाणी वर येते आणि उपाय म्हणून आणलेले यंत्रच मासे मारते. पहिल्या दिवशी अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक तास, असे वाढवत जावे. विजेचे आणि सौर यंत्र बंद करता येते. चक्की वाऱ्याचे ऐकते, म्हणून तिच्या नळीवर हवा बाहेर सोडणारी झडप बसवून घ्यावी. पहिली सुरुवात थंडीत करावी. तेव्हा तळ्याचे थर फारसे वेगळे नसतात.

आणखी एक गोष्ट मुंबईकराला वेगळी सांगायला नको. वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या अनेक वर्षी आल्या आहेत. पिंडांचे अन्न पाण्यात कुजते, कुजताना प्राणवायू खाते, आणि तो काळ भाद्रपदाच्या अखेरीचा, वारा पडू लागण्याचा असतो. शेततळ्यातही गोठ्याचे सांडपाणी, उरलेले खाद्य आणि कडेच्या झाडांचा पाला येत राहिला, तर कोणतेही यंत्र कमीच पडेल. ढगाळ दिवशी माशांचे खाद्य निम्मे किंवा बंद करणे हा बिनखर्ची उपाय यंत्राच्या आधी येतो.

मासे दाट ठेवायचे असतील, तर माझी निवड अशी राहील: पहाटेसाठी टायमरवरचे एक अश्वशक्तीचे पॅडल व्हील, आणि जागा उघडी असेल तर दिवसभर पाणी फिरवण्यासाठी सोबत पवनचक्की. विजेची जोडणी मिळणारच नसेल, तर मासे विरळ ठेवून चक्की किंवा बॅटरीसह सौर यंत्र. केवळ भाजीपाला आणि कलमांना पाणी देणारे तळे असेल आणि टेकाडावर वारा मिळत असेल, तर पवनचक्की बिनधास्त घ्यावी. तिथे एखादी निर्वात पहाट कोणाचा जीव घेत नाही.

पैसे देण्याआधी आश्विनातील दोन आठवडे प्राणवायू मोजावा. वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे; मुंबईत राहणाऱ्याने मोजणीच्या साध्या पद्धती समजून घेण्यासाठी तिथे चौकशी करण्यास हरकत नाही. पहाटे साडेपाचला आणि दुपारी तीनला, पृष्ठभागाजवळ आणि तळाजवळ, असे चार आकडे रोज वहीत लिहावेत आणि शेजारी वारा होता की नव्हता याची खूण करावी. पहाटेचा तळाचा आकडा ३ च्या खाली आणि खूण 'वारा नाही' अशी चार-पाच वेळा आली, तर पहाटेसाठी विजेची किंवा बॅटरीची सोय आधी करावी आणि मनोऱ्याचा विचार त्यानंतर.