२२ केव्हीचं तेलातलं सीटीपीटी युनिट: घ्यावं, पण नेमप्लेट वाचून

एकाच टाकीत तीन सीटी (करंट मीटरला झेपेल इतका कमी करणारे ट्रान्सफॉर्मर), तीन पीटी (व्होल्टेज तसंच कमी करणारे), वर सहा बुशिंग (लाइन आत नेणारे इन्सुलेटर) आणि बाजूला एक टर्मिनल बॉक्स. एचटी (उच्चदाब) ग्राहकाच्या डीपी (दोन खांबांच्या) स्ट्रक्चरजवळ दिसणारं हे कंबाइंड युनिट उघड्यावरच्या २२ केव्ही मीटरिंगसाठी आमच्या मते चांगली खरेदी आहे. सुटे सहा नग बसवण्यापेक्षा जागा कमी लागते, जंपर कमी होतात आणि सेकंडरीच्या (मीटरकडच्या बाजूच्या) सगळ्या वायरी एकाच सीलखाली राहतात. तक्रार आहे ती विकण्या-घेण्याच्या पद्धतीवर. रेशो (प्रायमरी-सेकंडरीचं प्रमाण) आणि क्लास (अचूकतेचा दर्जा) सांगितला की ऑर्डर जाते, बाकीची नेमप्लेट कुणी वाचत नाही.

आधी रेशो बघू. ५०० केव्हीए मागणी असेल तर २२ केव्हीला करंट साधारण १३ अँपिअर येतो, म्हणजे १५/५ ची सीटी पुरते. ‘पुढे लोड वाढेल’ म्हणून ५०/५ घेतली, तर रात्रीच्या २० केव्हीएला प्रायमरीत (लाइनच्या बाजूला) जेमतेम अर्धा अँपिअर वाहतो. ०.५एस क्लासची हमी रेटेड करंटच्या १ टक्क्यापासून सुरू होते आणि तिथे ±१.५ टक्के चूक मान्य असते. २० टक्क्यांच्या पुढेच ती ±०.५ वर येते. म्हणजे ५०/५ वर रात्रभर मीटर हमीच्या काठावर चालतो. साधा ०.५ क्लास घेतला तर ५ टक्क्यांखाली हमीच नाही. छोट्या रेशोलाही किंमत मोजावी लागते. १५ अँपिअरच्या प्रायमरीला जास्त वळसे हवेत, आणि फॉल्टचे काही हजार अँपिअर एक सेकंद सोसायचे तर तांबंही जाड हवं. म्हणून १५/५ चं कोटेशन फारच स्वस्त आलं तर शॉर्ट टाइम रेटिंग (फॉल्टचा करंट सेकंदभर सोसायची क्षमता) कुठे कापलंय ते आधी विचारा.

खरी गोम बर्डनमध्ये, म्हणजे वायर आणि मीटर मिळून सीटीवर पडणाऱ्या व्हीएमधल्या भारात, आहे. युनिटपासून मीटर २० मीटरवर, २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, प्रत्येक सीटीला जाण्या-येण्याची स्वतंत्र जोडी: ४० मीटरचा रेझिस्टन्स सुमारे ०.३ ओहम. ५ अँपिअरला नुसत्या वायरीतच ७.४ व्हीए जातात. इलेक्ट्रॉनिक मीटर स्वतः १ व्हीएही खात नाही. इथे ५ व्हीएची सीटी कमी पडते, १० व्हीएची जमते. ४ चौरस मिमीची वायर टाकली तर तेच ४.६ व्हीएवर येतं. उलट, ‘जास्त असलेलं बरं’ म्हणून ३० व्हीए घेणंही चुकीचं, कारण अचूकतेची हमी साधारण २५ ते १०० टक्के बर्डनमध्येच असते. शिवाय जोडलेलं बर्डन रेटिंगपेक्षा खूप कमी असलं की सीटी उशिरा सॅच्युरेट होते आणि फॉल्टचा झटका मीटरला जास्त बसतो.

एका टाकीचा आणखी एक मुद्दा सहसा कुणी काढत नाही. शेजारच्या सीटीचं चुंबकीय क्षेत्र पीटीची चूक हलवू शकतं आणि पीटीच्या व्होल्टेजचा परिणाम सीटीवर होऊ शकतो. कंबाइंड युनिटसाठीच्या आयईसी ६१८६९-४ मध्ये हा परस्पर परिणाम तपासायला सांगितलंय. टेस्ट रिपोर्टमध्ये सीटी आणि पीटी वेगवेगळी तपासून दोन कागद जोडले असतील, तर परस्पर परिणामाच्या टाइप टेस्टचा रिपोर्ट मागून घ्या.

नेमप्लेटवर व्होल्टेज फॅक्टरही (रेटेड व्होल्टेजच्या किती पट पीटी सोसते) बघा. १.२ कायमचा असतोच. न्यूट्रल पक्का जमिनीला जोडलेल्या (अर्थ केलेल्या) सिस्टिमला १.५, ३० सेकंद चालतो. तसा नसेल तर १.९ लागतो. तिथे १.५ चं युनिट बसवलं तर एका फेजच्या अर्थ फॉल्टमध्ये उरलेल्या दोन पीटी तापतात.

एका टाकीचा सगळ्यात मोठा तोटा हा, की एक पीटी जळली तर तिन्ही सीटींसकट अख्खी टाकी उतरवावी लागते, आणि दुसरं युनिट येईपर्यंत कारखाना बंद. सुट्या नगांत एकच बदलला असता. तेल गळतं ते बहुधा बुशिंगच्या गॅस्केटमधून. वर पाझर दिसला की पावसाळ्यात पाणी आत जायचा रस्ता तोच. तेलाच्या नमुन्याचा बीडीव्ही (किती व्होल्टेजला तेल फुटतं) २.५ मिमी गॅपला ३० केव्हीखाली आला तर युनिट चार्ज (लाइनला चालू) करू नका.

मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स) घेताना पीटीच्या प्रायमरी न्यूट्रलची अर्थ लिंक काढायची राहते, रीडिंग शून्य येतं आणि चांगलं युनिट ‘गेलं’ ठरतं. लिंक काढल्यावर ५ केव्हीचा मेगर लावू नका. ग्रेडेड इन्सुलेशनची (न्यूट्रलकडे कमी होत गेलेल्या इन्सुलेशनची) न्यूट्रल बाजू त्यासाठी नसते, १ केव्ही पुरे.

चार्ज केल्यावर टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर फेज-फेज ११० आणि फेज-न्यूट्रल ६३.५ व्होल्ट मिळायला हवेत. एका फेजला जवळपास शून्य आणि त्या फेजशी जोडलेल्या दोन्ही लाइन व्होल्टेजना ६३.५ च्या आसपास दिसलं, तर त्या पीटीचा फ्यूज किंवा लग (वायरीच्या टोकाची जोडणी) बघा. सीटीची शॉर्टिंग लिंक (सेकंडरी जोडून ठेवणारी पट्टी) काढायची राहिली तर त्या फेजचा करंट मीटरला दिसतच नाही. मात्र ती लिंक काढायची मीटर जोडल्यावरच, कारण उघड्या सेकंडरीवर जीवघेणं व्होल्टेज चढतं. बिलाआधी गुणक (मीटरच्या रीडिंगला ज्याने गुणायचं तो आकडा) तपासा: १५/५ आणि २२०००/११० ला, सेकंडरी रीडिंग दाखवणाऱ्या मीटरवर, ३ × २०० = ६००.