लिनक्सवर मराठी टायपिंग: साधा लेआउट, आयबस की एफसीआयटीएक्स?

पुण्यात मराठी टायपिंगचे हात तीन वळणांचे असतात. टायपिंगच्या परीक्षेमुळे रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरचा लेआउट), युनिकोडच्या कामातून इनस्क्रिप्ट (भारत सरकारचा प्रमाण लेआउट), आणि मोबाइलमुळे रोमन अक्षरांतून फोनेटिक. लिनक्सवर काय घ्यायचं ते याच वळणावरून ठरवा.

इनस्क्रिप्ट येत असेल तर एक्सकेबीचा, म्हणजे लिनक्समधल्या मूळच्या कीबोर्ड-व्यवस्थेचा, साधा लेआउट पुरेसा आहे, आणि आमच्या मते तोच घ्यावा. वेगळं काही बसवावं लागत नाही. मधे कुठलाही प्रोग्रॅम नसल्यामुळे बिघडण्यासारखंही फार काही नाही. मर्यादा एकच, पण महत्त्वाची: एका की-ला एकच वर्ण. म्हणून क्ष हवा तर क, हलन्त, ष अशा तीन की दाबायच्या. ‘दऱ्या’मधला ऱ्या हवा तर शिफ्ट-जे दाबून नुक्त्याचा ऱ घ्या, मग हलन्त, मग य. साधा र घेतलात तर ‘दर्या’ उमटतो. ॲसुद्धा आधीच तपासा. तो युनिकोडमध्ये 2008 साली आला. जुन्या इनस्क्रिप्टमध्ये हिंदीचा ऍ आहे. दिसायला जवळचे असले तरी हे वेगळे वर्ण आहेत, त्यामुळे फाइलमध्ये ‘ॲप’ शोधताना ‘ऍप’ सापडत नाही. प्रुफं पाहणाऱ्यांना हा फरक फार छळतो. लेआउटच्या यादीत इंग्रजी लेआउट पहिला ठेवा. नुसता मराठी ठेवला तर काही प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-सी चालत नाही.

रेमिंग्टनवाल्यांचं एक्सकेबीवर भागणार नाही. तिथे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. ही अदलाबदल लेआउटला जमत नाही, तिला इनपुट मेथड, म्हणजे मधे बसून दाबलेल्या की-चे वर्ण जुळवणारा प्रोग्रॅम, लागते. फोनेटिकचंही बहुतेक तसंच.

मग आयबस की एफसीआयटीएक्स 5, या दोन इनपुट मेथडपैकी कोणती? डेस्कटॉप ग्नोम असेल तर आयबस, केडीई असेल तर एफसीआयटीएक्स. दोन्हींसाठी एम17एनचं (अनेक भाषांच्या टायपिंग-पद्धतींचा संच) पॅकेज सहसा वेगळं बसवावं लागतं. ते बसवूनही ग्नोमच्या यादीत मराठी दिसत नसेल तर लॉगआउट करून परत या. केडीईच्या वेलँड सत्रात (एक्स आणि वेलँड या पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या जुन्या-नव्या दोन व्यवस्था) सिस्टिम सेटिंग्जमधल्या कीबोर्ड विभागात ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ म्हणून एफसीआयटीएक्स निवडावा लागतो. हे राहून गेल्यामुळेच बहुतेकांचं टायपिंग अडतं. दोन्हींची एक सवय लक्षात ठेवा: अक्षर अधोरेखित आहे तोवर ते प्रोग्रॅममध्ये पोचलेलं नसतं. तेवढ्यात माऊसने दुसरीकडे क्लिक केलंत तर ते हरवू शकतं.

कुठलाही पर्याय बदलण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते पाहा. कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून मजकुरी कन्सोलवर जा. तिथेही की उमटत नसेल तर खात्रीसाठी ‘ईव्हीटेस्ट’ (दाबलेली की कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, पोचते का ते दाखवणारा प्रोग्रॅम) चालवा. त्यातही काहीच आलं नाही तर दुसरा कीबोर्ड लावून बघा. तो चालला तर दोष जुन्या कीबोर्डचा, आणि नव्यासाठी पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार, तपकीर गल्ली आहेच. कन्सोलवर की चालते पण डेस्कटॉपवर नाही, असं असेल तर डेस्कटॉपला कोणती की पोचते ते पाहायला एक्समध्ये ‘एक्सईव्ही’ आणि वेलँडवर ‘डब्ल्यूईव्ही’ चालवा. एक्सचा की-क्रमांक कर्नलच्या क्रमांकापेक्षा 8 ने जास्त असतो. ‘ए’ कर्नलमध्ये 30, एक्समध्ये 38. एक्सची मजल 255 पर्यंतच असल्यामुळे कर्नलमध्ये 247 च्या पुढच्या की तिथे पोचतच नाहीत. काही लॅपटॉपच्या खास बटणांचा प्रश्न हाच असतो, आणि तो लेआउट कितीही बदलला तरी सुटत नाही.