निकालरेषेवरचा कॅमेरा: एका निकाल पंचाचा अनुभव

यंदा आमच्या मैदानाला, म्हणजे गावच्या बैलगाडी शर्यतीला, निकालासाठी भाड्यानं कॅमेरा आणला होता. करवीर तालुक्यातली दोन भावंडं ही सेवा देतात. एरवी लग्नाचं शूटिंग करतात आणि हंगामात बैलगाडी शर्यतीची मैदानं घेतात. त्यानंतर चार-पाच कमिट्यांचे फोन आले, "डॉक्टर, एवढा खर्च करण्यासारखं हाय का?" प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतो.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, ३१ वर्षं. गावाकडं सगळे डॉक्टरच म्हणतात. निवृत्त झाल्यापासून मैदानात निकाल पंच म्हणून उभा राहतो. त्यामुळं हे लिहिणारा माणूस प्रेक्षकातला नाही, फक्कीच्या, म्हणजे पांढऱ्या भुकटीनं आखलेल्या निकालाच्या रेषेवर उन्हात उभा राहणारा आहे, एवढं ध्यानात घ्या.

कॅमेऱ्याचा आग्रह मीच धरला होता. त्याला कारण गेल्या वर्षीची एक सेमी. चौथ्या आणि सहाव्या चाकोरीतल्या (गाडी पळायच्या पट्ट्यातल्या) गाड्या एकदमच आल्या. मी चौथीला निकाल दिला. मनात शंका नव्हती, डोळ्यांनी बघितलं होतं. चार दिवसांनी सहाव्या चाकोरीचा मालक घरी आला. पन्नाशीचा माणूस, दीड एकर ऊस, दावणीला दोन खोंडं. चहाचा कप तसाच ठेवून त्यानं मोबाइल माझ्यापुढं सरकवला. कुणा पोरानं बरोबर रेषेवरून व्हिडिओ काढला होता. सहावी गाडी पुढं होती, चांगली हातभर. तो म्हणाला, "डॉक्टर, बक्षिसाचं जाऊ दे. माझ्या खोंडाचं नाव फायनलला लागलं असतं, ते गेलं."

ज्यांना शर्यत माहीत नाही त्यांना यातलं दुखणं कळायचं नाही. फायनलला लागलेल्या खोंडाची किंमत एका दिवसात बदलते. माझ्या एका शब्दानं त्या माणसाचं दोन वर्षांचं खाद्य, राखण, पहाटेचं फिरवणं पाण्यात गेलं होतं. मी त्याची माफी मागितली, पण निकाल काही फिरला नाही.

डोळा चुकतो, हे मला कळायला हवं होतं. आम्हाला शिकवताना सरांनी घोड्याची जुनी छायाचित्रं दाखवली होती. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं ओळीनं १२ कॅमेरे मांडून पळत्या घोड्याची चित्रं काढली, तेव्हा कुठं सिद्ध झालं की दौडीत एका क्षणी घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. त्याआधी शेकडो वर्षं माणसं घोडं बघत होती, आणि चित्रकार पाय पुढं-मागं ताणलेला घोडा काढत होते. मग धुरळ्यात सात गाड्या येत असताना मी काय बघणार!

आता हिशेब बघा. बैलजोडी रेषेवर ताशी ४० किलोमीटरनं येते असं धरा. म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. साधा मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाईपर्यंत बैल ३७ सेंटिमीटर पुढं गेलेला असतो. तेवढ्यात मुस्की, शिंगं, सगळं रेषा ओलांडून जातं. या पोरांचे कॅमेरे सेकंदाला २४० चित्रं घेतात. तिथं हेच अंतर साडेचार-पाच सेंटिमीटरवर येतं, तीन बोटं म्हणा. मोठ्या रेसकोर्सवरचा फोटो-फिनिश कॅमेरा याच्याही पुढचा असतो. तो फक्त रेषेचीच उभी बारीक फट बघतो आणि एकाला एक जोडत चित्र तयार करतो. आपल्या माळावर तो परवडायचा नाही, आणि गरजही नाही.

पोरं पहाटे सहाला आली. रेषेच्या दोन्ही अंगाला एकेक खांब, दोन कॅमेरे समोरासमोर, एक लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि मांडवात एक टीव्ही. मांडणी झाल्यावर थोरला म्हणाला, "काका, ओक्के हाय." मी म्हटलं, थांब, तपासू. दोन सरळ कळक, म्हणजे बांबू आणले. एक पहिल्या चाकोरीत फक्कीवर उभा केला, दुसरा सातव्या चाकोरीत फक्कीवरच. दोन्हींना ओळंबा लावून बघितलं. कॅमेरा खरोखर रेषेवर असेल तर जवळच्या कळकामागं लांबचा कळक झाकला पाहिजे. टीव्हीवर बघतोय तर लांबचा कळक वीतभर उजवीकडं! कॅमेरा रेषेच्या जरा अलीकडं बसला होता. तसाच राहिला असता तर दिवसभर लांबच्या चाकोरीतल्या गाड्या वीतभर पुढं किंवा मागं दिसल्या असत्या, आणि आम्ही "कॅमेऱ्यात बघितलंय" म्हणून छातीठोकपणे चुकीचे निकाल दिले असते. नुसत्या डोळ्याच्या चुकीपेक्षा हे वाईट, कारण मग तक्रार करायलाही कुणाला जागा उरत नाही. पोरांनी कुरकुर न करता खांब उपटला, दोरी ताणली आणि वीस मिनिटांत पुन्हा बसवला. दुपारच्या सुट्टीत मी परत कळक लावून बघितले, जागच्या जागी होते. या पोरांचं हे मला आवडलं.

दिवसभरात ४९ गट (पहिल्या टप्प्यातल्या शर्यती), सात सेमी आणि फायनल असे ५७ फेरे पळाले. त्यातल्या नऊ फेऱ्यांना कॅमेऱ्याकडं जावं लागलं. प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटांत चित्र टीव्हीवर यायचं. ज्या गाड्यांचा वाद आहे त्यांचे मालक आणि पंच, एवढीच माणसं मांडवात. गेल्या वर्षी असाच वाद झाला की निवेदकाला माइक बंद करावा लागायचा, इतका आरडाओरडा. यंदा मालक स्वतः चित्र बघायचे, मान हलवायचे आणि बाहेर पडायचे.

अकराव्या गटात मात्र पेच पडला. दोन गाड्यांमध्ये एकाच चित्राचा फरक. एका चित्रात पांढऱ्या खोंडाच्या नाकपुडीचा फेस रेषेला टेकलेला, शेजारचा कोशा रंगाचा खोंड तीन बोटं मागं. पण कॅमेऱ्याची पकडच तीन बोटांची. मी बरोबरी दिली आणि पुढं जायला चिठ्ठ्या टाकायला लावल्या. पुन्हा पळवा असं काही जण म्हणाले, त्याला मी नकार दिला. गट, सेमी, फायनल धरून एका बैलाला दिवसात तीन फेरे होतात, त्यावर चौथा मी पळू देणार नाही.

आणखी एक गोष्ट, यात चूक आमच्या कमिटीची. निकाल कशावर धरायचा हे आधी ठरलंच नव्हतं. बैलाचं नाक, शिंग, की जू? घोड्यांच्या शर्यतीत नाकावर निकाल असतो, तिथं प्रश्न येत नाही. आपल्याकडं जुवाखाली दोन जनावरं, एक अर्धा हात पुढं, एक मागं. पहिल्याच वादात हे निघालं. शेवटी जोडीतल्या पुढच्या बैलाचं नाक असं ठरवून माइकवर सांगितलं. ते सुरुवातीला गट-चाकोरी ठरवायच्या चिठ्ठ्या काढतानाच सांगायला हवं होतं.

आता तिसरा कॅमेरा. हा वेगळ्या पैशाचा असतो, रेषेच्या दीडशे मीटर अलीकडं चाकोरीवर रोखलेला. कमिटी नको म्हणत होती. मी हट्टानं घ्यायला लावला आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे त्यानंच वसूल केले. तिसऱ्या सेमीत पहिली आलेली गाडी चित्रात बघताना धाकटा भाऊ थांबला. "काका, ह्याच्या मुठीत काय हाय बघा." हळूहळू पुढं सरकवलं. ड्रायव्हरची मूठ शेपटीच्या बुडाशी जाते, बैल अंग चोरतो आणि उसळी घेतो. झेंडा पंचाला दिसलं नव्हतं, मला दिसलं नव्हतं. मी बैलाकडं गेलो. शेपटीच्या मुळाशी कापूस दाबला, दोन लाल ठिपके उमटले. टोचणी. कातड्यावर हात ठेवला तर ते थरथरत होतं. गाडी बाद केली.

तेवढ्यात कमिटीतला एक जण पोरांना बाजूला घेऊन म्हणाला, "तेवढी क्लिप काढून टाका, मैदानाचं नाव खराब होतंय." पोरानं माझ्याकडं बघितलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की परवानगीच्या अटींत चित्रीकरण आहे, एकही क्लिप पुसायची नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या त्या असल्याच टोचण्यांपायी, चाबकांपायी. १६ डिसेंबर २०२१ ला पुन्हा वाट मोकळी झाली, १८ मे २०२३ ला घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. त्याच कायद्यात क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. मधली सात वर्षं आठवा. खोंडं बाजारात मातीमोल विकली, आणि कितीकांनी डोळ्यांत पाणी आणून विकली. क्लिप पुसली तर मैदानाचं नाव राहील, असं ज्याला वाटतं त्याला ती वर्षं आठवत नाहीत.

पोरांनी क्लिप जपली, वेळेसकट दिली. पण सेवेतली माझी मोठी तक्रार इथंच आहे. मूळ कार्ड त्यांच्याकडं, कमिटीला पेनड्राइव्हवर एक प्रत, बस्स. पावती नाही, काय दिलं त्याची यादी नाही. आठ दिवसांत पुढच्या कामासाठी कार्ड कोरं करतात. मग महिन्यानं कुणी तक्रार केली तर काय दाखवणार? त्याच संध्याकाळी तीन प्रती झाल्या पाहिजेत: एक कमिटीला, एक प्रशासनाला, एक सही करून पाकीटबंद निकाल पंचाकडं. मी तसं सांगितलंय, त्यांनी मानलंय.

दोन वर्षांपूर्वी भाच्याकडं पुण्याला गेलो होतो, तेव्हा ऑगस्टमध्ये रेसकोर्सवर गेलो. पैसे लावायला नाही, कारभार बघायला. जॉकीचं वजन पळण्याआधी घेतात आणि पळून आल्यावरही, म्हणजे मधे कुणी वजन उतरवायला नको. जिंकलेल्या घोड्याच्या लघवीचा नमुना उत्तेजकाच्या तपासणीला जातो. आडवा आला, चाबूक जास्त वापरला, तर स्टुअर्ड, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणारे अधिकारी, चौकशी लावतात आणि जॉकीवर बंदी येते. तिथंही सगळं धुतल्या तांदळासारखं असतं असं मी म्हणत नाही. पण शिक्षा झाली की ती लेखी असते, सगळ्यांना कळते. आमच्याकडं बाद केलेल्या त्या ड्रायव्हरनं पुढच्याच रविवारी दुसऱ्या तालुक्यात गाडी हाणली. तिथल्या पंचांना काही माहीतच नव्हतं. मी फोन करून कळवलं तेव्हा फायनल होऊन गेली होती. कॅमेऱ्यानं पकडलं, पण नाव लिहून ठेवायची वही जिल्ह्यात कुणाकडं नाही.

सेवेतल्या बाकी उणिवा सांगतो. फायनल आमच्या ढिसाळपणानं पावणेसातला सुटली. एवढ्या वेगानं चित्र घ्यायला उजेड लागतो, तो गेला होता. चित्रं काळपट, कडा पुसट. नशीब, फायनलला दोन गाड्यांचं अंतर होतं. पोरांकडं दिवे नव्हते आणि साडेपाचलाच "आता उरका" असं त्यांनी ठणकावून सांगायला हवं होतं. तुम्ही बोलावलंत तर फायनल सहाच्या आत घ्या. दुसरं, खांब त्यांनी चाकोरीपासून दोन हातांवर रोवले होते. बैल बुजून बाहेर आला तर सरळ लोखंडावर. मी ते पाच हात मागं घ्यायला लावले आणि बुडाला पिंजराच्या, म्हणजे वाळल्या काडाच्या पेंढ्या बांधल्या. टीव्हीचा मांडवही रेषेजवळ नको. चित्र बघायला गर्दी लोटते आणि पुढच्या फेऱ्याची बैलं थांबायला जी मोकळी जागा लागते तीच भरून जाते. आम्ही नवव्या गटानंतर मांडव उचलून मागं नेला. तोपर्यंत जीव मुठीत धरून होतो.

खर्च: रेषेवरचे दोन कॅमेरे आणि टीव्ही मिळून दिवसाचे ९,००० रुपये, तिसऱ्या कॅमेऱ्याचे २,०००. आगाऊ ३,००० घेतात. जेवण आणि जाण्या-येण्याचं पेट्रोल आपलं. निवेदकाला आणि हलगीवाल्यांना जे देतो त्याच्याशी तुलना केली तर हे महाग नाही. पाचपैकी चार गुण देईन. एक कापला तो कार्डाच्या हलगर्जीपणाबद्दल. उजेडाचे गुण आमच्या कमिटीचे कापायला हवेत.

गेल्या वर्षीचा तो सहाव्या चाकोरीचा मालक यंदाही आला होता. सतराव्या गटात त्याची गाडी मुंडक्यानं मागं राहिली. तो मांडवात आला, टीव्हीवर चित्र दोनदा मागं-पुढं करून बघितलं. "मागंच हाय की, डॉक्टर," म्हणाला आणि खोंडांना पाणी दाखवायला गेला.

पुढच्या महिन्यातल्या मैदानालाही याच पोरांना सांगितलंय. कळक, दोरी आणि ओळंबा मी घरूनच नेणार आहे. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या ज्या पंचांना बाद केलेल्या ड्रायव्हरांची एक सामायिक वही चालवायची असेल, त्यांनी रविवारी सकाळी मैदानात मला गाठावं. पहिलं पान मी लिहून ठेवलंय.