कादंबरीचा काळ शोधायचा: एकट्याने, गटात की जोडीने?

कादंबरी शिकवायला घेतली की पहिल्याच आठवड्यात प्रश्न उभा राहतो: तिच्यामागचा इतिहास मुलांपर्यंत पोचवायचा कसा? स्वतः एका तासात सांगून टाकणं सर्वांत सोपं. पण सांगितलेली पार्श्वभूमी वहीत राहते आणि मुलं प्रकरण वाचायला लागली की तिची आठवणही कोणाला येत नाही. म्हणून शोध मुलांनीच घ्यायचा, इतकं मी धरून चालते. तो एकेकट्याने घ्यायचा, चार-पाच जणांच्या गटाने की दोघादोघांनी, हे ठरवायचं उरतं. मी तिन्ही प्रकार वर्गात केले आहेत आणि माझा कौल जोडीला आहे. मात्र काम कसं वाटून देता, यावर जोडीचं सगळं अवलंबून असतं.

गटाचं आधी सांगते, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. पाच मुलांना एक विषय दिला की दोघं राबतात, एक जण सजावट करतो आणि उरलेले सादरीकरणाच्या दिवशी उभे राहतात. यात मुलांच्या आळसाचा भाग थोडा, संख्येचा जास्त. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमान याने माणसांना दोर ओढायला लावून हे मोजलं होतं. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. त्याचे निष्कर्ष १९१३ साली छापले गेले. वर्गातही तेच दिसतं. जोडीत मात्र लपायला जागा नसते. एक थांबला तर अर्धं काम थांबतं आणि ते दोघांनाही त्याच दिवशी कळतं.

एकट्याने केलेल्या कामाचं मोल मी कमी लेखत नाही. कोणी काय केलं ते स्वच्छ दिसतं, आणि ज्याला मुळातच गोडी आहे तो खूप खोल जातो. पण बाकीची मुलं पहिल्या सापडलेल्या उत्तरावर थांबतात. टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस' या कादंबरीतली बोरोदिनोची लढाई घ्या, नेपोलियनची फौज आणि रशियन सैन्य यांच्यातली. एका ठिकाणी तारीख सापडते २६ ऑगस्ट १८१२, दुसऱ्या ठिकाणी ७ सप्टेंबर १८१२. एकटा विद्यार्थी जी आधी दिसेल ती उतरवून पुढे जातो. जोडीत एकाकडे एक तारीख येते, दुसऱ्याकडे दुसरी, आणि "तुझं चुकलंय" यावरून वाद पेटतो. मग दोघं मिळून शोधतात आणि कळतं की दोन्ही बरोबर आहेत. रशियात तेव्हा जुनी जुलियन दिनदर्शिका चालू होती, ती १९१८पर्यंत टिकली, आणि एकोणिसाव्या शतकात ती आणि आपण आज वापरतो ती ग्रेगोरियन दिनदर्शिका यांच्यात बारा दिवसांचं अंतर होतं. हे मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर कोणी मान वर करून पाहिलं नसतं. भांडून मिळवलेलं ते विसरत नाहीत.

सॅम वाइनबर्ग या अभ्यासकाने इतिहासकारांना आणि शाळकरी विद्यार्थ्यांना तीच ती कागदपत्रं वाचायला दिली होती. हा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. इतिहासकार आधी पाहायचे की हे लिहिलं कोणी आणि कधी. विद्यार्थी सरळ मजकुरात शिरायचे. ही सवय एकट्याला उपदेश करून लागत नाही. "तुला हे कुठे मिळालं?" असं शेजारी बसलेला विचारतो, तेव्हा ती लागायला सुरुवात होते.

आता काम वाटून देण्याबद्दल. जोडीला काम देण्याचे मला तीन मार्ग माहीत आहेत. पहिला, दोघांना एकच प्रश्न. यात तेज मूल लिहितं आणि दुसरं माना डोलावतं. दुसरा, विषयानुसार वाटणी: राजकारण तुझं, समाजजीवन माझं. हा वरून नीट दिसतो, पण शेवटी हाती दोन सुटे निबंध येतात, एकमेकांना न वाचता शिवलेले. तिसऱ्या मार्गावर यायला मला बरीच वर्षं लागली आणि आता मी तोच सुचवते. कादंबरी ज्या काळात घडते तो काळ एकाकडे द्या आणि ज्या काळात ती लिहिली गेली तो दुसऱ्याकडे.

हार्पर लीची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात घडते. पहिल्या विद्यार्थ्याला तिथे महामंदी सापडते आणि १९३१चा स्कॉट्सबरो खटला, ज्यात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा खोटा आरोप झाला होता. पुस्तक मात्र प्रसिद्ध झालं १९६०मध्ये. दुसऱ्याच्या हाती येतो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९५४चा निकाल, ज्याने सरकारी शाळांतली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवली, आणि पुढच्याच वर्षी अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध सुरू झालेला बसबहिष्कार. आता दोघांना एकच प्रश्न विचारा: पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट लेखिकेला नेमकी तेव्हाच का सांगावीशी वाटली असेल? याचं उत्तर एकाच्या वहीत नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्याशिवाय ते सुरूच होत नाही. जोडी करायचं कारण हेच.

फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'लाही हे छान लागू पडतं. पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग पडला १४ जुलै १७८९ला, कादंबरी आली १८५९मध्ये. डिकन्सने प्रस्तावनेत इतिहासकार थॉमस कार्लाइलच्या या क्रांतीवरच्या १८३७च्या ग्रंथाचं ऋण मान्य केलं आहे. म्हणजे दुसऱ्या विद्यार्थ्याला क्रांतीइतकंच कार्लाइलने ती कशी रंगवली हेही पाहावं लागतं. उलट, लेखकाने स्वतःच्याच काळाबद्दल लिहिलं असेल तर ही वाटणी ओढूनताणून करू नका. तिथे एकाने वर्तमानपत्रं घ्यावीत आणि दुसऱ्याने पत्रं, रोजनिशा, आठवणी.

शोध वाचनाआधी की नंतर? दोन-तीन प्रकरणं वाचून झाल्यावर. आधी दिला तर प्रश्न तुमचे असतात, नंतर दिला तर मुलांचे.

गट कधी निवडावा? कादंबरी प्रचंड असेल तेव्हा, आणि तेव्हाही आधी जोड्याच करा, मग दोन जोड्या शेवटच्या तासाला एकत्र बसवा. एकट्याचं काम निवडा ते हाताशी एकच तास असेल तर, कारण जोडीला वेळ जास्त लागतो. माझ्या वर्गात कमीत कमी चार तास जातात आणि त्यातला एक पूर्ण तास नुसत्या वादाला ठेवावा लागतो. तो कापू नका, कापायचंच तर सादरीकरण कापा.

जोड्या मैत्रीवरून पाडू नयेत आणि हुशार-कच्चा अशाही नकोत, कारण कच्चा गप्प बसतो. वाचनाचा वेग साधारण सारखा असलेली दोन मुलं एकत्र बसवा. गुण देताना प्रत्येकाला जोडीदाराच्या भागावर तोंडी प्रश्न विचारा आणि हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. वर्गात संख्या विषम असेल तर एका जोडीत तिसरं मूल घ्या आणि त्याच्याकडे एकच काम द्या: दोघांनी लिहिलेल्या प्रत्येक तारखेला दुसरा आधार शोधायचा.